भातोडीकर साहेबांचा लहानू

ज्या माणसाची आठवण निघाली की तोंड कडू होतं, त्याच्यावर लिहू नये असं माझी बायको म्हणते. तिचं बरोबर असेल. पण गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या सभागृहात जे झालं, ते पाहिल्यापासून अरविंद भातोडीकर हा माणूस पुन्हा माझ्या घरात येऊन बसलाय. जेवताना येतो, आंघोळ करताना येतो. एकदा लिहून टाकावं म्हणतो.

मी सव्वीस वर्षांचा होतो. नगरहून सिव्हिलचा डिप्लोमा करून राजूरच्या पुढे घाटरस्ता रुंद करायच्या कामावर सर्वेअर म्हणून लागलो होतो. रस्त्याच्या आतल्या अंगाचा काळा खडक सुरुंग लावून फोडायचा आणि रस्ता तेवढा डोंगरात सरकवायचा, असं ते काम. कुठं किती भोकं घ्यायची, किती खोल, त्यात दारू किती भरायची, कोणतं भोक आधी उडवायचं आणि कोणतं मागून, हे सगळं भातोडीकर साहेब ठरवायचे. भोकं पाडायला जवळच्या वाडीतली माणसं होती. त्यांच्यातला सगळ्यात जाणता लहानू उघडे. त्याच्या हाताखाली त्याचाच शेजारी, किसन भांगरे.

साहेब पन्नाशीचे. गोरे, उंच, डोक्यावरचा एक केस इकडचा तिकडे नाही. साइटवर आम्ही सगळे दुपारपर्यंत पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखे पांढरे व्हायचो. त्यांच्या शर्टाची इस्त्री संध्याकाळीही मोडलेली नसायची. तोंडात कायम वेलदोडा. समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय त्यांना बोलताच यायचं नाही आणि सगळ्यांना ते ‘राजा’ म्हणायचे. डंपरवाला राजा, पाणी आणणारा राजा, मी पण राजा. कुणाच्या पोरीला ताप आहे, कुणाची म्हैस गाभण आहे, कुणाचा मेव्हणा रुसून गेलाय, सगळं त्यांच्या ध्यानात. माणसं त्यांच्यासाठी जीव टाकायची. मीही टाकायचो, हे आधीच कबूल करतो.

त्यांना सुरुंगातलं कळत होतं. भयंकर कळत होतं. घाटाच्या तिसऱ्या वळणावर एक खोलीएवढा खडक सुटून लोंबत होता आणि त्याच्या बरोबर खाली एका म्हाताऱ्याचा गोठा होता. दोन इंजिनिअर बघून गेले आणि गोठा हलवा म्हणाले. म्हातारा हटेना. साहेबांनी दोन दिवस नुसता तो खडक हातोडीनं वाजवला. कान लावून ऐकायचे, खडूनं खूण करायचे. ‘दगड माझ्याशी बोलतो, राजा,’ म्हणायचे. तिसऱ्या दिवशी अकरा बारीक भोकं घेतली, मूठमूठ दारू भरली, वर मातीच्या गोण्या रचल्या आणि उडवला. ‘धप्प’ असा पोटातल्या पोटात आवाज झाला. खडक हळूच मधोमध दुभंगला आणि रस्त्याच्या बाजूला कलंडून पडला. गोठ्यातली म्हैस मान वर करून बघायला लागली आणि पुन्हा कडब्यात तोंड घालून खायला लागली. गोठ्याचं एक कौल हललं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. असा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता.

त्यानंतर महिन्याभरात एका आजीबाईचं प्रकरण झालं.

रोजच्या सुरुंगातला एक दगड, नारळाएवढा, उडून खालच्या वस्तीवर गेला. एका घराची कौलं फोडून आत पडला, बाजेपासून हातभर अंतरावर. बाजेवर त्या घरच्या म्हातारीची नात झोपली होती. पोरीला काही झालं नाही, पण माणसं जमली, काठ्या घेऊन साइटवर येतो म्हणाली. साहेब म्हणाले, ‘आपणच जाऊ, राजा.’ मला जीपमध्ये घेतलं. घरात गेले ते थेट जमिनीवर मांडी घालून बसले. म्हातारीचे पाय धरले. ‘आई, मला शिव्या घाला. पण आधी भाकरी वाढा, सकाळपासून काही खाल्लं नाही.’ तिनं नागलीची भाकरी आणि पिठलं वाढलं. ते खात राहिले आणि सांगत राहिले की मी आठ वर्षांचा असताना आई गेली, अशी भाकरी मग कुणी वाढलीच नाही. डोळ्यांतून पाणी. म्हातारीनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. ‘जाऊ द्या, लेकरा. दगूडच त्यो. तुमी काय मुद्दाम मारला व्हय?’ बाहेरची माणसं काठ्या टेकवून मुकाट उभी होती.

त्या दिवशी सकाळीच साइटच्या ऑफिसातून ते आपल्या आईशी फोनवर बोलत होते. ती नगरला होती, चांगली खुटखुटीत.

वस्ती मागे पडल्यावर त्यांनी जीप थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला गेले, घशात दोन बोटं घातली आणि खाल्लेलं सगळं ओकून टाकलं. बाटलीतल्या पाण्यानं चुळा भरल्या, रुमालानं ओठ टिपले, नवा वेलदोडा तोंडात टाकला. ‘चुलीपाशी कोंबडी हगलेली होती, पाहिलंस? काय घाण करतात रे ही माणसं.’ आणि माझ्याकडे बघून हसले, जणू आम्ही दोघांनी मिळून काहीतरी जमवून आणलं होतं.

मला तेव्हा पहिल्यांदा त्यांची शिसारी आली. पण मी पण हसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुरुंगात दारू तेवढीच भरली.

त्यांचा सकाळचा तास मात्र चुकायचा नाही. काम सुरू करण्याआधी सगळ्यांना ओळीत उभं करून सुरक्षेचे नियम म्हणवून घ्यायचे. त्यात मोबाइलचा नियम पहिला. दारू पेटवायला आम्ही विजेवर उडणाऱ्या कॅपा वापरत होतो आणि त्यांच्या जवळ चालू मोबाइल नेणं धोक्याचं असतं. साइटच्या चौकीत बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता; खडकाकडे जाण्याआधी प्रत्येकानं आपला फोन त्यात टाकायचा. दुसरा नियम फसलेल्या सुरुंगाचा. एखादं भोक उडायचं राहिलं तर आत दारू आणि कॅप जिवंत असते, त्याच्या आसपासही ड्रिल न्यायचं नाही. हे ते असं रंगवून सांगायचे की माणसं श्वास रोखून ऐकायची. मीही ऐकायचो.

त्या आठवड्यात कुणी मोठे पाहुणे रस्ता बघायला येणार होते. शनिवारपर्यंत चौथ्या वळणाचा कोपरा मोकळा करून देतो असा शब्द साहेबांनी वर दिला होता. गुरुवारी संध्याकाळी सुरुंग उडवला. शुक्रवारी सकाळी लहानू खडक बघून आला आणि म्हणाला, ‘सायेब, दोन भोकं गेली न्हाईत. तळाला वायर दिसती.’

साहेब वर गेले. पाच मिनिटं फिरले. हातोडीनं एकदा इथं, एकदा तिथं वाजवलं.

‘गेलीत, राजा. वायर तुटून अडकलीय नुसती. लाव ड्रिल.’

‘सायेब, मला न्हाई वाटत गेली.’

‘लहानू, दगड तुझ्याशी बोलतो का माझ्याशी?’

सगळे हसले. लहानू हसला नाही. नियमाप्रमाणे ती भोकं पाण्यानं धुऊन निकामी करायची, किंवा लांब नवं भोक घेऊन उडवायची. त्यात अख्खा दिवस गेला असता. लहानूनं माझ्याकडे बघितलं. मी शिकलेला माणूस, मी काहीतरी बोलेन असं त्याला वाटलं असावं. मी दुर्बिणीच्या स्टँडचा स्क्रू आवळत बसलो. तो आवळलेलाच होता.

लहानू आणि किसन ड्रिल घेऊन वर गेले. दहा-पंधरा मिनिटांनी आवाज झाला. रोजच्या सुरुंगाचा आवाज ओळखीचा असतो. हा वेगळाच होता, कोरडा, कानात थप्पड मारल्यासारखा.

आम्ही धावलो. लहानू जागेवरच गेला होता. किसनच्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी नुसतं रक्त आणि खडी होती, आणि तो ‘लहानू, लहानू’ अशा हाका मारत होता. चौघांनी त्याला उचलून जीपकडे नेलं. साहेब म्हणाले, ‘तुम्ही सगळे जा, राजा. मी लहानूपाशी थांबतो.’ जीप निघाल्यावर लहानूच्या अंगावर टाकायला चादर आणावी म्हणून मी चौकीकडे निघालो, तर साहेबच चौकीतून बाहेर पडून परत वर चढताना दिसले. मी डंपरच्या आडोशाला होतो. त्यांना मी दिसलो नाही.

त्यांच्या हातात लहानूचा फोन होता. बटणांचा जुना फोन, मागचं झाकण पडू नये म्हणून रबर लावलेला. सगळ्या साइटला माहीत होता. तो त्यांनी एका सपाट दगडावर ठेवला, दुसरा दगड उचलला आणि फोनवर दोनदा मारला. जोरात नाही, माणूस अक्रोड फोडतो तेवढ्या बेतानं. मग गुडघ्यावर बसून तो लहानूच्या शर्टाच्या खिशात सरकवला. खिशाचं बटण तुटलं नव्हतं, ते लावलं. हात रुमालाला पुसले. आणि मग मोठ्यानं रडायला लागले. ‘लहानू, अरे काय केलंस रे हे! रोज सांगत होतो रे तुम्हाला!’

मला सगळ्यात जास्त किळस येते ती या गोष्टीची की ते रडणं खरं होतं. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं.

आठवड्याभरात चौकशीला सरकारी अधिकारी आले. ऑफिसात पंखा लावून बसले, चहा घेतला. मला विचारलं, ‘मयताच्या खिशात मोबाइल होता. तुम्ही पाहिला?’

‘हो,’ मी म्हणालो.

मी खोटं बोललो नाही. फोन खिशात होता आणि मी तो पाहिला होता. मी नगरच्या ख्रिस्ती घरातला. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा मी सहा वर्षांचा असताना मंडळीसमोर पाठ म्हणून दाखवली होती, त्याचं बक्षीस म्हणून पेन्सिल मिळाली होती. ती आज्ञा मी त्या दिवशी तंतोतंत पाळली आणि एका मेलेल्या माणसाला गुन्हेगार केलं. बाहेर आल्यावर भातोडीकरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एक वेलदोडा दिला. मी तो घेतला आणि चावून खाल्ला.

कागदावर असं आलं की कामगारानं नियम मोडून मोबाइल जवळ बाळगला, त्यामुळे खडकात राहिलेली कॅप उडाली. ती कॅप तिथं राहिलीच कशी आणि तिच्यावर ड्रिल कुणी लावायला सांगितलं, हे कुणी विचारलं नाही.

कागद कपाटात गेला असता तर गोष्ट वेगळी होती. पण तो वाडीत पोचला. किसन दोन महिने नाशिकला दवाखान्यात होता. दोन्ही डोळे गेले. त्याच्या घरच्यांना कळलं की लहानूच्या फोनपायी हे झालं. लहानूच्या दहाव्याला त्यांच्यातलं कुणी आलं नाही. दोन्ही घरांमध्ये एक पडवीएवढं अंतर, पण बोलणं बंद, विस्तवाची देवाणघेवाण बंद. लहानूची बायको हिराबाई नळावर गेली की बायका बाजूला व्हायच्या. पोरं तिला ‘फोनवाली’ म्हणायची.

हे मला तिनंच सांगितलं, राजूरच्या बाजारात. मी भाजी घेत होतो. ती समोर येऊन उभी राहिली.

‘सायेब, येकच इचारते. त्येंच्या खिशात फोन व्हता का?’

‘सापडला म्हणतात.’

‘म्हनत्यात ते मला म्हाईत हाय. तुमी तितं व्हते. घरी आल्यावर सुदिक ते फोन उंबऱ्यावर ठिवायचे, सवय लागलीय म्हनायचे. तुमी सांगा, व्हता का?’

‘मला माहीत नाही,’ मी म्हणालो. तिनं माझ्याकडे जे पाहिलं, त्यात राग नव्हता. भाजीतली किडकी शेंग बाजूला काढताना बघतात तसं पाहिलं, आणि गेली.

चार दिवसांनी मी नोकरी सोडली. सामान नगरला पाठवलं आणि वाडीवर गेलो. हिराबाईकडे आधी जायचा धीर झाला नाही. किसनकडे गेलो. तो पडवीत भिंतीला टेकून बसला होता, डोळ्यांवर काळा चष्मा. त्याची बायको सूप घेऊन बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. डबा, दगड, दोन ठोके, खिशाचं बटण. गुरुवारची दोन भोकं. स्क्रू आवळत बसलो होतो तेही.

किसन म्हणाला, ‘त्या दिशी डब्याचं झाकन मीच लावलं व्हतं. त्याचा फोन माज्या फोनवर ठिवला, तो रबर हाताला लागला व्हता.’

‘मग सांगितलं का नाही?’

‘भातोडीकर सायेब दवाखान्यात आल्ते. घंटाभर माजा हात धरून बसले. म्हनले, किसन, तुला आठवत न्हाई, मार लागलाय डोक्याला. लहानू मागनं परत जाऊन फोन घिऊन आल्ता, बायकोशी बोलायला. आन् रडले हो. मला दिसत नव्हतं, पन माज्या हातावर पानी पडलं त्यांच्या डोळ्यातलं. मला वाटलं, माजंच चुकलं आसंल.’

त्याच्या बायकोनं सूप खाली ठेवलं. उठली आणि शेजारच्या दारात गेली. ‘हिरा,’ तिनं हाक मारली. ती आत गेली. थोड्या वेळानं दोघींच्या रडण्याचा आवाज आला, आधी एकीचा, मग दुसरीचा. किसन मान तिकडे वळवून ऐकत होता.

हिराबाई बाहेर आली ती माझ्यासमोर उभी राहिली. ‘बाजारात का न्हाई बोल्ले?’

मी हात जोडले.

‘लई उशीर केला, भाऊ. माजी सासू त्याच घोरात गेली, ल्योक चुकला म्हनत.’ मग म्हणाली, ‘आता जावा.’ चहा विचारला नाही, आणि तिनं विचारला नाही हे बरं केलं.

मी लेखी जबाब दिला. किसननं अंगठा उठवून दिला. मी दोनदा ऑफिसात खेटे घातले, अर्ज मिळाल्याचा शिक्का मिळाला. पुढे प्रकरण बंद झालंय एवढंच कळलं. वाडीनं मात्र त्या वर्षी लहानूचं वर्षश्राद्ध गावजेवण घालून केलं, आणि किसनच्या भावानं पान वाढलं, असं मला एका डंपरवाल्यानं सांगितलं.

मी संगमनेरला एका कॉलेजात सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत लागलो. लग्न झालं, दोन मुलं झाली. आणि गेल्या महिन्यात सुरक्षा सप्ताहाचे पाहुणे म्हणून नोटीस बोर्डावर नाव दिसलं: ज्येष्ठ सुरुंगतज्ज्ञ श्री. अरविंद भातोडीकर.

केस पूर्ण पांढरे झालेत. त्यांना शोभतात. शर्टाची इस्त्री तशीच. सभागृह भरलेलं. सुरुवातीला त्यांनी मुलांना हसवलं, खडक कसा वाचायचा ते सांगितलं, उत्तमच सांगितलं. मग आवाज खाली आणला.

‘माझा एक लहानू होता,’ ते म्हणाले.

माझा लहानू. आणि त्यांनी ती सगळी गोष्ट सांगितली. किती गुणी कामगार, पोटच्या पोरासारखा, रोज सकाळी नियम म्हणायचा, आणि एका दिवशी बायकोशी दोन शब्द बोलायच्या मोहापायी फोन खिशात राहिला. ते मधेच थांबले, चष्मा काढला, डोळे पुसले. पुढच्या रांगेतल्या मुली रडत होत्या. त्यांनी सगळ्यांना आपापले फोन वर धरायला लावले. तीनशे फोन वर झाले.

मी उभा राहिलो.

‘साहेब, लहानूचा फोन डब्यात होता. तुम्ही तो काढलात, दगडानं फोडलात आणि त्याच्या खिशात घातलात. मी पाहिलंय.’

प्राचार्य खुर्चीत अर्धे उठले. भातोडीकरांनी माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नुसती माया आली.

‘हे माझे जुने सहकारी,’ ते माइकवर म्हणाले. ‘त्या दिवशी तेही तिथं होते. वयानं फार लहान होते. मित्रांनो, अपघात नुसता मेलेल्याला मारत नाही. बघणाऱ्याच्या मनावरही असा घाव करतो, की वर्षानुवर्षं तो भरत नाही. त्यांना उभं राहून हे बोलावंसं वाटलं, त्यासाठी आपण टाळ्या वाजवू.’

आणि तीनशे मुलं माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लागली. मी त्या टाळ्यांमधून वाट काढत बाहेर आलो.

प्रयोगशाळेत जाऊन बसलो. थोड्या वेळानं दुसऱ्या वर्षाची एक मुलगी दारात आली. राजूरजवळच्या अकोल्याची आहे, फारशी बोलत नाही. ‘सर, एक विचारू? त्यांनी सांगितलं, फोनमुळं खडकातली कॅप उडाली. पण कॅप खडकात राहिलीच कशी?’

इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारणारी ती पहिली. मी तिला स्टूल दिलं आणि गुरुवारच्या संध्याकाळपासून सांगायला लागलो.

खिडकीतून खालचा पोर्च दिसत होता. भातोडीकर साहेब शाल पांघरून प्राचार्यांशेजारी फोटोला उभे होते. फोटो काढून झाला. त्यांनी फोटोग्राफरला जवळ बोलावलं, कॅमेऱ्यात वाकून पाहिलं आणि मान हलवली. डोळे मिटले गेले होते वाटतं. शालीची घडी सारखी करून ते पुन्हा जागेवर जाऊन उभे राहिले.